आधी माणसं बसवा

“माणसं बसवल्याबिगर मी स्प्रिंगला हात लावत नसते. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं.”

“अहो शिलाताई, गाडी माझी हाय! मी बसलो की झालं.”

“तुमी एकटे?”

“एकटा.”

“मग दर सोमवारी पुढच्या सीटवर कोण असतं? नारळाची पिशवी?”

स्वप्निल हसला, पण ते हसू खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे समोरचीला कळलंय हेही त्याला कळलं.

“आबाचं काय मधी?” तो म्हणाला.

“मधी न्हाई, पुढं. पुढच्या सीटवर.”

औंढ्यात हिंगोलीच्या रस्त्याला शिला राठोडची पत्र्याची शेड आहे. पाटी साधी: पाटे, स्प्रिंग, व्हील अलाइनमेंट. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्या शेडमध्ये हट्टा गावच्या स्वप्निलची पांढरी सेडान उभी होती. डिकी उघडी. आत एक लांबोडकं खोकं, त्यात चार लाल स्प्रिंगा. शेजारी जमिनीवर चार काळ्याभोर रिमा, टायर चढवलेल्या, एकोणीस इंची. गाडीला सध्या होत्या त्या सतरा इंची. स्प्रिंगांनी गाडी खाली बसवायची, रिमांनी चाकांवरच्या कमानी भरून काढायच्या, आणि एखाद्या रविवारी नांदेडला मित्रांच्या घोळक्यात नेऊन उभी करायची, असा सगळा बेत.

आणि शिलाला त्या बेतात फक्त दोन चपला आणि काठीचं रबरी टोक दिसत होतं.

कारण अमृतरावांना, म्हणजे स्वप्निलच्या वडिलांना, आबांना, ती बहुतेक वेळा तेवढंच बघायची. दर सोमवारी नागनाथाच्या दर्शनाला आले की स्वप्निल गाडी तिच्या शेडसमोर लावायचा, समोरच्या दुकानातून हार घ्यायचा. शिला तेव्हा कुठल्यातरी जीपखाली उताणी पडलेली. तिथून तिला दिसायचं ते असं: दार उघडलं. दोन चपला जमिनीला टेकल्या. काठीचं टोक शेजारी आलं. मग आबांचा दबका आवाज, एक... दोन... तीन. तीनला चपलांवर वजन यायचं. चपला जमिनीला चिकटल्यासारख्या व्हायच्या, आणि वर कुठंतरी आबा उभे राहिलेले असायचे. कुणी हात दिलेला नाही, कुणाला देऊ दिलेला नाही.

मागच्या श्रावणात आबा रानात पडले आणि त्यांचा खुबा मोडला. काळ्या मातीचा चिखल, ट्रॅक्टरसुद्धा फसलेला. स्वप्निलची ही गाडी चारही चाकांनी ओढणारी म्हणून तेवढी बाहेर निघाली, आणि आबा त्याच दिवशी नांदेडला ऑपरेशनच्या टेबलावर गेले. तेव्हापासून जीप त्यांना उंच पडायची, रिक्षा ठेंगणी. या एका गाडीचं सीट मात्र त्यांच्या खुब्याच्या बराबर उंचीचं होतं. आपलं आपण बसायचं, आपलं आपण उठायचं. हट्ट्यात आबा बाकी सगळ्याला दुसऱ्याचा हात घेत. या एका जागी घेत नसत.

“बोटं दावा तुमची,” शिला म्हणाली.

“काय?”

“किती खाली पायजे? बोटं दावा.”

स्वप्निलने दोन बोटं आडवी धरली. “टायर आन् मडगार्डच्या मधी दोन बोटं राहिली पायजेत. रिमा विकणाऱ्या पुण्याच्या माणसानं तसंच सांगितलं.”

“कोणाची दोन?”

“आता बोटाला काय कोणाची असतं?”

“तुमची बोटं फोन चालवून बारीक झालेली. माझी गिरीजनं जाड. बाची तर अशी होती की नट हातानंच ढिला व्हायचा.” तिने खिळ्याला टांगलेला एक ठोकळा काढला. बाभळीचा, तेलाने काळा पडलेला. “ही माझ्या बाची, भीमसिंगची, चार बोटं. या दुकानात माप हेच.”

तिने ठोकळा चाकाच्या वर धरून आत सरकवला. फट बराबर चार बोटांची होती. ठोकळा ना हलला, ना अडला.

“चारातून दोन गेली की दोन राहिली. खोक्यावर लिहिलंय पंचेचाळीस मिलिमीटर. म्हणजे तुमच्या आबाचं सीट बाच्या दोन बोटांनी खाली.”

“दोनच बोटं तर हायेत, ताई! दोन बोटांनी काय आभाळ पडतंय?”

शिलाला आभाळ पडलेलं ठाऊक होतं.

तिचा बा भीमसिंग सेनगावपलीकडच्या तांड्याचा. त्याच्या पणजोबांचे बैल मिठाच्या गोण्या वाहायचे, असं तो सांगायचा, आणि लगेच पुढे म्हणायचा की आपण बैलाच्या जागी जीप बांधली, बाकी काही बदललं नाही. तो जीपांचे पाटे बसवायचा. चाकाच्या वर एकावर एक रचलेल्या त्या लोखंडी पट्ट्या, ज्यांच्यावर जीपचं सगळं ओझं तोललेलं असतं. लहानगी शिला त्याच्या हाताखाली होती ती पाना द्यायला नव्हे, वजनाला. “अर्धी सवारी, चढ,” असं तो म्हणायचा, आणि ती मागच्या बाकावर जाऊन बसायची.

एकदा एका जीपवाल्याने सांगितलं, दोन्ही बाजूंनी एकेक पाटा वाढव, गाडी लई बसते. भीमसिंगने वाढवला. मग ती जीप सतरा माणसं भरली तरी बसेना. बसेना म्हणून चालवणाऱ्याला ओझं कळेना. सेनगावच्या वळणावर ती आडवी झाली. कुणी गेलं नाही, पण गोजरबाई नावाच्या भाजीवालीचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. भीमसिंग दवाखान्यात गेला, तिच्या खाटेजवळ जमिनीवर बसला, आणि घरी येऊन एवढंच बोलला, “मी गाडीला इचारलं. माणसांला न्हाई इचारलं.”

त्यानंतर त्याने एक पद्धत पाडली. पाटा काढायचा असो की घालायचा, आधी त्या गाडीत जे रोज बसतात ते सगळे येऊन बसणार. म्हातारं, लेकरू, सगळे. मग ठोकळा लावायचा. मग त्यांना उतरायला लावायचं, आणि गाडी उंच-ठेंगणी होणार असेल तर तेवढ्या जाडीची फळी वापरायची. गाडी खाली येणार असेल तर फळी उतरणाऱ्याच्या पायाखाली. गाडी खाली नाही घेता येत, तर जमीन वर घ्यायची. लोक हसायचे. म्हणायचे, भीमसिंग गाडीची सोयरीक जुळवतो. पण ऐकायचे.

शिला हिंगोलीला आयटीआयला गेली, वर्गात एकटी पोरगी. लग्न होऊन औंढ्याला आली तेव्हा सासूने, रुख्मिणीबाईने, एकच सवाल केला, “बाईनं गाडीखाली निजावं का?” शिला म्हणाली, “निजत न्हाई, जागी असते.” तीन वर्षांमागे बा गेला. त्याचं सामान भावांनी वाटून घेतलं. शिलाने ठोकळा आणि दोन फळ्या मागितल्या. भावांनी हसून दिल्या.

“ऐका,” ती आता जरा मऊ आवाजात म्हणाली, कारण स्वप्निल रिमेवर हात फिरवत उभा होता आणि त्याच्या फिरवण्यात तिला लेकराचा हट्ट दिसला. “अठरा इंची रिम घ्या, एकोणीस नको. रिम वाढली की टायरची जाडी तेवढी कमी करावी लागते, न्हाई तर मडगार्डला घासतंय. हट्ट्याच्या रस्त्यावर तेवढं बारीक टायर म्हणजे पहिल्याच खड्ड्यात रिम वाकडी. आन् स्प्रिंग पंचवीसची. एका बोटाहून जरा जास्त. गाडी बसल्यागत दिसती, पोट पण घासत न्हाई.”

“पंचवीस तर दिसणार बी न्हाई कोणाला.”

“बघणाऱ्याला दिसतं.”

“नांदेडच्या पोरांला न्हाई दिसत.” तो अचानक बोलायला लागला. “तुमाला माहीत हाय ते गाडीला काय म्हणतात? डोली. आली रे आबाची डोली! पुण्यात सहा वर्षं नोकरी केली तेव्हा आणली ही. सेकंडहँड, पण माझ्या कमाईची. डोंगरातल्या वळणावर चारही चाकं जमीन धरायची, ताई, काय सांगू! आन् इथं आलो तर देऊळ, दवाखाना, देऊळ, दवाखाना. वीसच्या वर नेली की आबा म्हणतेत, हळू. एक दिस तरी ती माझ्यासारखी दिसावी का न्हाई?”

त्याचंही काही चूक नव्हतं. शिला सुतळीचा गुंडा घेऊन रिमांशी बसली.

“हे काय करून राहिल्या?”

“माप.” तिने एका टायरभोवती सुतळी फिरवली, गाठीची खूण केली. दुसऱ्याभोवती फिरवली. तिसऱ्याशी आली तेव्हा खूण हुकली. चौथ्यालाही. “या दोघींचे टायर नवे हायेत. या दोघींचे घासलेले. एका बोटाचा फरक.”

“नजरेला तर सारख्याच दिसतेत.”

“नजरेला. तुमच्या गाडीत पुढची जोडी आन् मागची जोडी दांड्यानं बांधलेली. एक जोडी मोठी, एक लहान, म्हंजी दर फेरीला एक म्हणणार चल, दुसरी म्हणणार थांब. दोघींच्या भांडणात मधला जोड जळतो. दोन चाकं ओढणाऱ्या गाडीला हे खपतं. हिला न्हाई. चारही एका मापाची पायजेत.”

स्वप्निलने सुतळी स्वतःच्या हातांनी फिरवून बघितली. दोनदा. पुण्याच्या त्या माणसाला एक शिवी दिली, मग शिलाकडे बघून “सॉरी” म्हणाला. आवाज उतरला होता.

“टायर बदलून घेतो. रिम अठराची बघतो, ठीक. पण स्प्रिंगा याच. याच बसवा.”

“आबाला आणा. बसवा. उतरू द्या. मग सांगा मला.”

“आन् न्हाई आणलं तर?”

“तर दुसरं दुकान बघा.”

“नांदेडला तासाभरात करून देतेत!”

“देतेत ना. तिथं कोणी फळी मांडत न्हाई.”

तो रिमा आणि खोकं गाडीत टाकून दार आपटून निघाला. गाडी रस्त्याला लागली, थांबली, आणि उलटी आली. काच खाली झाली.

“सोमवारी आणतो. पण आबाला यातलं काही सांगायचं न्हाई.”

“मी खोटं बोलत नसते.”

“खोटं नका बोलू. गप बसा.”

शिला गप्प बसली. स्वप्निलने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

तीन दिवस ते गप्प बसणं तिला टोचत राहिलं. नवरा देविदास एसटीत कंडक्टर. ड्युटीवरून आला की तिचं ऐकायचा आणि पाय धुता धुता निकाल द्यायचा. “लावून टाक ना. न्हाई तर तो नांदेडला लावणारच. मग म्हातारा सोमवारी देवळापुढं, गर्दीत, उठायला बघंल आन् उठता येणार न्हाई. त्याच्यापेक्षा तुझ्या हातानं बरं.”

“म्हणून तर आधी बसवायचं म्हणते.”

“आन् तुझ्या शेडमधी उठता आलं न्हाई तर? ते बरं का?”

हे तिने धरलंच नव्हतं. बाने कधी एखाद्याची अशी चोरून परीक्षा घेतली होती का? तिला आठवेना.

सोमवारी आठ वाजता गाडी शेडमध्येच शिरली. मागे कोमल, स्वप्निलची बायको, मांडीवर पूजेची पिशवी. पुढे आबा. पांढरी टोपी, गुडघ्यांमध्ये काठी.

“इथं काहून?” आबांनी विचारलं.

“हवा बघायची, आबा,” स्वप्निल म्हणाला.

“परवा तर बघितली.”

“परत बघतो.”

भिंतीला अठरा इंची चार रिमा टेकवून ठेवल्या होत्या. स्वप्निलने त्या शनिवारीच बदलून आणून टाकल्या होत्या. लाल स्प्रिंगांचं खोकंही होतं. शिलाने त्यावर पोतं टाकलं होतं आणि आता ते तिलाच खटकत होतं. ती फळी घेऊन पुढच्या दारापाशी आली. तिने दार उघडलं, फळी जमिनीवर ठेवली, आणि बाजूला झाली. आबांनी पाय बाहेर काढले. चपला फळीला टेकल्या. आणि थांबल्या.

आबा फळीकडे बघत होते.

“पोरी,” ते म्हणाले, “ही भीमसिंगची ना?”

“व्हय, आबा.”

“त्यानं माझ्या जीपचा पाटा कमी केला तेव्हा माझ्या आईला याच फळीवरून चढवलं-उतरवलं होतं. ऐंशीची होती ती. लई बडबडली होती त्याला.” त्यांनी वर बघितलं. आधी भिंतीच्या रिमांकडे, मग पोत्याकडे, मग पोराकडे. “हवा बघायची म्हणला व्हतास.”

स्वप्निल टायरकडे बघत राहिला.

“किती?” आबांनी शिलाला विचारलं.

“एक फळी म्हंजी एक बोट.”

“बरं.”

काठी टेकली. हात दाराच्या चौकटीला गेला. एक... दोन... तीन... शिलाच्या तोंडात आकडे आपोआप आले होते. तीनला काही झालं नाही. चपलांवर वजन आलंच नाही. आबांचा श्वास नाकातून जोरात आला. चार. आणि ते उभे होते. थोडे डुलले, पण उभे.

स्वप्निल दोन पावलं पुढे आला. “झालं! बघा, ताई, उठले की!”

आबा परत सीटवर बसले. “अजून हाय का?” त्यांनी शिलाला विचारलं. पोराला नव्हे.

तिला गप्प बसायचं होतं. गुरुवारपासून ती गप्पच होती. “हाय,” ती म्हणाली. “अजून एक.”

“टाक.”

“आबा, जाऊ द्या, दर्शनाला उशीर...”

“टाक म्हणलं ना, पोरी.”

तिने दुसरी फळी पहिलीवर ठेवली. आबांचे गुडघे वर आले, कमरेच्याही वर, खेळातल्या लेकरासारखे, आणि ते बघून कोमलने पिशवी खाली ठेवली. आबांनी हात चौकटीला लावला. एक. दोन. तीन. चार. बोटांची पेरं पांढरी झाली. पाच. काठीचं रबरी टोक फळीवरून सर्रकन सरकलं, आबा सीटवर आदळले, टोपी तिरकी झाली. कोमल दार उघडून धावली.

“हात लावू नको!”

ती जागीच थांबली. समोरच्या दुकानातला हारवाला हार ओवायचा थांबून इकडे बघत होता. शिला त्याच्या आणि आबांच्या मध्ये जाऊन उभी राहिली, पाठ रस्त्याकडे करून.

आबांनी टोपी सरळ केली. परत काठी टेकली. या वेळी आकडे ऐकू आले नाहीत, नुसते ओठ हलले. मानेच्या शिरा फुगल्या. चौकट कुरकुरली. कंबर सीटवरून चार बोटं उचलली गेली, चांगली चार बोटं, शिलाने नजरेने मोजली, आणि तिथेच थरथरत राहिली, आणि खाली आली.

रस्त्यावरून एसटी गेली, तिचा धुरळा आत आला.

“काढ,” आबा म्हणाले.

शिलाने दोन्ही फळ्या ओढून काढल्या. चपला सिमेंटवर टेकल्या. एक, दोन, तीन. तीनला वजन आलं. आबा उभे राहिले, सावकाश भिंतीपाशी गेले, आणि एका रिमेला काठीच्या टोकाने हळूच हात लावल्यासारखं केलं. रिम चकचकत होती. त्यांनी पोत्याकडे बघितलं, पण ते उचललं नाही.

“ताई,” स्वप्निल दबक्या आवाजात म्हणाला, “त्या पंचवीसच्या मागवा. हे खोकं परत देतो मी.”

“मला काय सांगता?” शिला म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. “ज्यांला उठायचं त्यांला इचारा.”

स्वप्निल वडिलांच्या मागे जाऊन उभा राहिला. लहानपणी चुकल्यावर उभा राहत असेल तसा, एक पाय दुसऱ्या पायावर घासत.

“आबा. दोन बोटं न्हाई. एकच. एका फळीवर उठलात की तुमी. चारला उठलात. रोजच्या सवयीनं तीनला बी उठाल.” तो थांबला. “मी शेजारीच असतो ना. आबा? करू का एक?”

आबांनी काठी रिमेवरून उचलली. गाडीच्या मागच्या दारातून पूजेची पिशवी घ्यायला ते वाकायला गेले, वाकता आलं नाही. कोमलने ती उचलून पुढे केली. त्यांनी ती डाव्या हाताच्या मनगटात अडकवली.

“आबा, बोला की काहीतरी.”

ते गाडीच्या उघड्या दारावरून गेले, हारवाल्याच्या दुकानावरून हार न घेता गेले, आणि कुणाची वाट न बघता, एकटेच, काठी टेकत देवळाच्या रस्त्याला लागले.